मोंढ्यात काट्यावर काम करतो, ख्रिस्ती म्हणून कसं वागावं?

काट्यावरचा
सगळ्यांना जय ख्रिस्त. आमच्याकडच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, एका आडतीवर (शेतकऱ्यांचा माल विकून देणाऱ्या दुकानात) आठ वर्षं झाली काट्यावर आहे, माल मोजतो. सध्या सोयाबीनची आवक लई आहे. शेठ तसा माणूस चांगला, माझ्या मुलीच्या ऑपरेशनला पैसे त्यांनीच दिले, पण क्विंटलमागं एक किलो कडता, म्हणजे वजनात कपात, धरायचा म्हणतात, माल वाळलेला असला तरी, आणि पट्टीवर, म्हणजे शेतकऱ्याला देतो त्या हिशेबाच्या कागदावर, तो दाखवायचा नाही. शेतकरी टेम्पोचं भाडं भरून आलेला असतो, माल परत कुठं नेणार, गप बसतो. रविवारी मी चर्चच्या मंडळीत ढोलकी वाजवतो आणि सोमवारी सकाळी हे. परवा एका म्हाताऱ्या बाबानं पट्टी हातात धरून विचारलं, लेकरा बरोबर हाय ना? मी हो म्हणलो. तेव्हापासून प्रार्थनेला बसलं की तेच ऐकू येतं. नोकरी सोडली तर घर कसं चालवू?

जालनाकर
दादा, नीतिसूत्रे 11:1 खोट्या तराजूबद्दलच आहे, तुला माहीत असणारच. पण लगेच नोकरी सोडू नको. ओलावा मापायचं मशीन असेल ना तिथं? 12 टक्क्यांच्या वर निघाला तर शेतकऱ्याला आकडा दाखव आणि कपात पट्टीवर लिही, आत निघाला तर कापू नको. शेठला एकटं गाठून एवढंच सांग की न लिहिता कापणं माझ्या हातून होणार नाही. त्यांना वचनं ऐकवत बसू नको. मी कापसाच्या काट्यावर असताना असंच बोललो होतो, तर मला काट्यावरून उठवून हमालांच्या हजेरीला बसवलं, पगार पण कमी झाला आणि तो पुढं वाढला नाही. तयारी ठेवून जा.

रिटायर सिस्टर
बाळा, तुझ्या पाळकसाहेबांना आणि मंडळीच्या पंचांना हे सांगितलंस का? एकट्यानं का ओढतोस? विश्वास कृतीशिवाय मेलेला आहे हे याकोब 2:17 आपण सगळे तोंडपाठ म्हणतो, पण त्याच्या आधीच्या दोन ओळी उपाशी भावाला नुसतं "सुखानं जा" म्हणणाऱ्यांबद्दल आहेत. म्हणजे तुझी नोकरी गेली तर तुझ्या घरात ज्वारी पोचवणं मंडळीचं काम आहे. पाळक नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली तेव्हा मातंग समाजातून आलेल्या विश्वासणाऱ्यांसाठी चर्चसोबत शेतीची पण सोय केली, नुसता उपदेश करून सोडलं नाही. मी स्वतः तुमच्या पंचांशी बोलायला तयार आहे.

बीडहून
सिस्टरांचं पटलं. पण आठ वर्षांत जे कापलं त्याचं काय? लूक 19 मध्ये जकातदार जक्कयानं फसवून घेतलेलं चौपट परत द्यायचं कबूल केलं, तेही सगळ्यांसमोर. तुला टोचायला म्हणत नाही भावा, मी पण ऊसतोड टोळीचा मुकादम होतो, उचलीच्या, म्हणजे मजुरांना आगाऊ दिलेल्या पैशांच्या, हिशेबात जे केलं त्यातलं दोन घरांचं परत केलंय, बाकीच्यांचं अजून राहिलंय.

काट्यावरचा
सगळ्यांचे आभार. सिस्टर, रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांशी बोलतो, तुमचा फोन लागेल तेव्हा उचला. शेठकडं शनिवारी संध्याकाळी जाणार, तेव्हा गर्दी नसते. बाबाचं गाव पट्टीवर आहे. बावीस क्विंटल होता त्यांचा माल, म्हणजे बावीस किलो गेले. उद्या मोटरसायकलवर जाऊन माझ्या पगारातून तेवढे पैसे देऊन येतो आणि तुम्हाला खोटं बोललो म्हणून सांगतो.