रिमोट कधी चालतो, कधी नाही: सेल, स्विच की थेट नवी किल्ली?

गाडीचा रिमोट अडखळायला लागला की दोनच सल्ले मिळतात. सेल बदला, नाहीतर नवी किल्ली घ्या. माझं स्पष्ट मत आहे की बटणांच्या साध्या रिमोटला नवी किल्ली लागण्याची वेळ फार क्वचित येते. बिघाड बहुतेकदा सेलच्या पत्तीत (सेलला टेकणाऱ्या धातूच्या पट्टीत) नाहीतर बटणाखालच्या स्विचमध्ये असतो.

सगळ्यात आधी दुसरी किल्ली वापरून बघा. दोन्ही अडखळत असतील तर दोष बहुधा गाडीत आहे, रिमोट उघडायची घाई नको. एकच अडखळत असेल तर लक्षण बघा. एकच बटण दाबून दाबून चालतं, बाकीची ठीक: स्विच गेला. सगळीच बटणं चालतात पण अंतर हळूहळू कमी होत दोन पावलांवर आलं: सेल. रिमोट झटकला किंवा मुठीत आवळला की चालतो: पत्ती सैल झाली आहे.

पत्तीकडे कुणी बघत नाही, म्हणून जरा सविस्तर. सीआर २०३२ सेल ३.२ मिमी जाडीचा, सीआर २०२५ हा २.५ मिमीचा. व्यास दोघांचा २० मिमीच. त्यामुळे दुकानदार हाताला येईल तो देतो. २०३२च्या जागी २०२५ बसवला की ०.७ मिमीची फट राहते आणि गाडी खड्ड्यातून गेली तरी संपर्क तुटतो. उलट केलं तर पत्ती कायमची दबते. जुन्या सेलवरचा आकडा वाचूनच नवा घ्या. पत्ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि चिमट्याने अगदी किंचित वर उचला. कोकणात, गोव्यात खाऱ्या हवेमुळे पत्तीवर हिरवट थर चढतो. तिथे आधी साध्या खोडरबरने हलकेच घासा, मग अल्कोहोल.

— सोल्डरवाला

प्रतिसाद १ (किल्लीबहाद्दर)

असहमत. निदान बरोबर आहे, पण हा सल्ला वाचून लोक मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर जातील आणि तिथे खरं नुकसान होईल. बऱ्याच जुन्या किल्ल्यांत इम्मोबिलायझरची चिप (जिच्यावरून गाडी किल्ली ओळखते आणि ओळख पटली तरच सुरू होते) सर्किटवर नसते. तांदळाच्या दाण्याहून जरा मोठी काचेची नळी किंवा काळा चौकोनी तुकडा कवचाच्या खाचेत वेगळाच बसवलेला असतो. तिला सेल लागत नाही, इग्निशनभोवतीच्या कॉईलमधून तिला ऊर्जा मिळते. कवच बदलताना ती जुन्या कवचातच राहते आणि कचऱ्यात जाते. मग दार उघडतं, स्टार्टर फिरतो, पण गाडी सुरू होत नाही. रिमोट उघडायचाच असेल तर आधी ही चिप कुठे आहे ते शोधा आणि फोटो काढून ठेवा.

प्रतिसाद २ (सोल्डरवाला)

चिपचा मुद्दा शंभर टक्के मान्य, मूळ लेखातच यायला हवा होता. पण त्यावरून नवी किल्ली घ्यावी असं ठरत नाही. कवच न बदलता फक्त स्विच बदलायचा तर चिपला हात लावावाच लागत नाही. स्विचची लांबी, रुंदी, उंची आणि पायांची संख्या मोजून तसाच आणा. उंची चुकली तर रबरी बटण सतत दाबलेलं राहतं आणि नवा सेल बघता बघता संपतो. फ्लक्स (सोल्डर नीट चिकटावं म्हणून लावायची पेस्ट) लावा, सोल्डरिंग आयर्नचं टोक ३२० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवा, एका पायावर दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबू नका. सर्किटवरचा पॅड (स्विचचा पाय जिथे जोडतात तो तांब्याचा ठिपका) उखडला तर मात्र काम वाढलं.

प्रतिसाद ३ (मल्टिमीटर)

दोघांनीही सेल पटकन सोडून दिला. मीटरवर ३ व्होल्ट दिसले म्हणजे सेल चांगला, हा गैरसमज आहे. जुन्या सेलचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. भार नसताना तो ३ दाखवतो, पण बटण दाबल्यावर काही मिलिअँपिअर लागतात तेव्हा कोसळतो. म्हणून सेलच्या दोन टोकांत ३३० ओहमचा रेझिस्टर दोन-तीन सेकंद धरा, म्हणजे साधारण ९ मिलिअँपिअर जातील, आणि त्याच वेळी व्होल्टेज बघा. २.५च्या खाली घसरला तर टाकून द्या. थंडीत सकाळी रिमोट चालत नाही आणि दुपारी चालतो, ते याचमुळे.

लहान मुलांनी सेल गिळू नये म्हणून काही सेलवर कडू लेप असतो. काही रिमोटमध्ये तो लेपच संपर्क अडवतो. सेल नवा असून रिमोट मेलेला वाटला तर कडा अल्कोहोलने पुसून बघा. आणि मुलं घरात असतील तर जुना सेल उघड्यावर ठेवू नका.

प्रतिसाद ४ (किल्लीबहाद्दर)

ठीक आहे, पण बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांच्या, खिशातच ठेवायच्या स्मार्ट किल्लीचं काय? तिथे गाडी १२५ किलोहर्ट्झच्या आसपास हाक मारते आणि किल्ली ४३३.९२ मेगाहर्ट्झवर उत्तर देते. बटणाने दार उघडतं पण हँडलला हात लावून उघडत नाही, तर किल्लीतली हाक ऐकणारी कॉईल तपासावी लागते. ती तीन दिशांची असते, किल्ली फरशीवर पडली की तिचा सोल्डरचा टाका तडकू शकतो. हे टपरीचं काम नाही. इथे नवी किल्ली घेणंच शहाणपणाचं, आणि प्रोग्रॅमिंगला (नव्या किल्लीची गाडीत नोंद करायला) जाताना घरातल्या सगळ्या किल्ल्या सोबत न्या. अनेक गाड्यांत त्या वेळी समोर नसलेली किल्ली यादीतून निघून जाते.

प्रतिसाद ५ (सोल्डरवाला)

स्मार्ट किल्लीबाबत माझं मत बदलतो, तिथे कॉईल गेली असेल तर नवीच घ्या. पण त्याआधी दोन गोष्टी बघा. किल्ली पार्किंगला लागून असलेल्या भिंतीवर टांगलेली असेल तर काही गाड्यांत ती सारखी हाकेला ओ देत राहते आणि सेल लवकर संपतो. खुंटी दुसऱ्या भिंतीला न्या. आणि बिघाड फक्त गाडीत बसल्यावरच होत असेल तर स्वस्त मोबाइल चार्जर आणि डॅशकॅम सॉकेटमधून काढून बघा, त्यांचा रेडिओ गोंगाट गाडीच्या रिसीव्हरपर्यंत पोचतो. एकाच ठरावीक जागी दार उघडत नसेल तर दोष किल्लीचा नाही, त्या जागेच्या रेडिओ गोंगाटाचा. तिथे किल्लीतलं लोखंडी पातं काढून दार उघडा आणि स्टार्टचं बटण किल्लीच्याच टोकाने दाबा. पुष्कळ गाड्या सेल पूर्ण संपलेला असतानाही अशा सुरू होतात. किल्ली नेमकी कुठे टेकवायची ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं.