काल्पनिक आदिवासी भाषा: उच्चार आणि नामांचे प्रत्यय जुळत नाहीत

डोंगरवाट:
कादंबरीतल्या एका डोंगरी जमातीसाठी भाषा रचतेय. व्यंजनं ११: प त क, कंठस्पर्श (गळ्यात श्वास क्षणभर अडवून सोडलेला), म न, स ह, ल व य. स्वर अ आ इ ई उ ऊ. प्रत्येक अक्षर व्यंजनाने सुरू होतं. शेवटी व्यंजन आलंच तर प त क न ल यांपैकीच.

नामं सजीव आणि निर्जीव. अनेकवचन -अक, कर्म -आम, स्थळ -इस, ‘माझा’ नि-, ‘तुझा’ पा-.

अडतंय ते असं: तहा (शिकारी) + अक + आम = ‘तहाअकआम’. नि + अता (बाप) = ‘निअता’. दोन्ही तोंडात बसत नाहीत. शिवाय सगळं मराठीलाच वेगळे प्रत्यय चिकटवल्यासारखं वाटतंय. कंठस्पर्श कसा लिहू, तेही सांगा.

स्वरयंत्र:
तुमचा नियम तुम्हीच मोडलाय. अक्षर व्यंजनानेच सुरू होत असेल तर ‘अता’ हा शब्द होऊच शकत नाही. त्याच्या आरंभी कंठस्पर्श आहे. तो लिहिला की नि- लावताना स्वरांची टक्कर उरत नाही. शेवटी म आणि स चालत नाहीत, म्हणजे -आम आणि -इसही बाद. ते -आन आणि -इत करा.

प्रत्ययांचं दुखणं एका नियमाने जातं: व्यंजनापुढे पूर्ण प्रत्यय, स्वरापुढे प्रत्ययाचा स्वर गळतो.

आता लिपी, कारण खरी फसगत तिथेच आहे. मराठी वाचक मधला आणि शेवटचा ‘अ’ गिळतो. ‘बसला’ आपण ‘बस्ला’ म्हणतो, तसंच कुनिल (समजा अस्वल) + अक + आन = ‘कुनिलकान’ तो ‘कुनिल्कान’ वाचणार. ऱ्हस्व-दीर्घ तर त्याला ऐकूच येत नाही. दिन आणि दीन लिहिताना वेगळे, बोलताना सारखेच. सहा स्वर कागदावरच राहतील. सरळ तीन ठेवा: आ, इ, उ. दक्षिण अमेरिकेतल्या क्वेचुआचे मूळ स्वर तीनच आहेत, आणि ती भाषा काही अपुरी नाही. ‘अ’ नसल्यामुळे सुटं व्यंजन म्हणजे स्वर नाही, हे आपोआप ठरतं आणि पाय मोडायची गरज राहत नाही.

म्हणजे ताहा + आक + आन = ताहाकान, कुनिल + आक + आन = कुनिलाकान.

कंठस्पर्शासाठी अवग्रह (ऽ) वापरू नका. ‘काऽऽय’ वाचायची सवय असलेला वाचक स्वर लांबवेल. अवतरणचिन्हाचं टोक वर्ड प्रोसेसर परस्पर वाकवतो आणि मग शोधताना शब्द सापडत नाही. देवनागरीत नेपाळ-सिक्कीमकडच्या लिंबू भाषेसाठी ॽ हे स्वतंत्र अक्षर आहे. बाप = ॽाता, माझा बाप = निॽाता. दिसायला ते प्रश्नचिन्हासारखं आहे, म्हणून छपाईचा फॉन्ट आधी तपासा. काहींत नुसता चौकोन उमटतो.

एक विनंती: ‘आदिवासी वाटावं’ म्हणून कंठस्पर्श जिथे तिथे पेरू नका. आदिवासी ध्वनी असं काही नसतं. हवाईयनमध्ये व्यंजनं फक्त ८, तर दक्षिण आफ्रिकेकडच्या काही भाषांत ती कितीतरी पट.

प्रत्ययकार:
वरचं पटलं. मराठीपणा मात्र प्रत्ययांच्या आवाजात नाही. प्रत्येक नामाला एकच साचा लावलाय, त्यात आहे.

अनेकवचन फक्त सजीवांना ठेवा. अभिजात नाहुआत्लमध्ये (मेक्सिकोतल्या अ‍ॅझ्टेकांची भाषा) तसंच होतं, आणि गंमत म्हणजे डोंगर आणि तारे तिथे सजीवांत मोडायचे. वर्ग तर्काने शंभर टक्के सुटू देऊ नका: उत्तर अमेरिकेतल्या ओजिब्वे भाषेत रास्पबेरी सजीव, स्ट्रॉबेरी निर्जीव. चार-पाच अपवाद पुरेत, त्याहून जास्त झाले की वर्गच विरघळतो.

मालकी दोन तऱ्हांची करा. अवयव आणि नाती उपसर्गाशिवाय येऊच नयेत: नुसता ‘याकि’ (हात) हा शब्द नाही, नियाकि, पायाकि, आणि कुणाचा ते ठाऊक नसेल तर मुयाकि. बाकी वस्तूंना उपसर्ग आणि वर -उल: निलावुतुल, माझा दगड. मग हिला (हाड) घ्या: निहिला म्हणजे माझ्या अंगातलं हाड, निहिलाल म्हणजे माझ्या ताटातलं. हवाईयनमध्ये हाच भेद ‘ओ’ आणि ‘आ’ या दोन संबंधशब्दांनी होतो.

क्रम पक्का लिहून ठेवा: उपसर्ग, मूळ, -उल, अनेकवचन, विभक्ती. निताहालाकान = माझ्या शिकाऱ्यांना. आणि सामान्यरूप शिरू देऊ नका. ‘घर’चं ‘घरा’ करायची सवय हाताला इतकी आहे की मुळाला नकळत ‘आ’ चिकटतो.

डोंगरवाट:
निर्जीव कर्मालाही -आन लावू का? मराठीत ‘अस्वलाला पाहिलं’ पण ‘दगड उचलला’.

प्रत्ययकार:
लावू नका. पण तेवढ्यावर थांबलात तर पुन्हा मराठीच. उलट बाजूही घ्या: निर्जीव वस्तू कर्ता झाली की तिला खूण. हित्ती या प्राचीन भाषेत नपुंसकलिंगी नाम सकर्मक क्रियेचा कर्ता झालं की त्याला खास प्रत्यय लागे. समजा तो -पु. ‘लावुतपु कुनिलान…’ म्हणजे दगडाने अस्वलाला (पाडलं). सजीव कर्त्याला काहीच नाही: ताहा कुनिलान.

स्वरयंत्र:
‘लावुतपु’ कुणी ला-वु-त-पु वाचेल असं वाटलं तर तिथे जोडाक्षर करा: लावुत्पु. आणि पुढचे शब्द पाडण्याआधी १२ नामं घ्या, निम्मी स्वरान्त, निम्मी व्यंजनान्त, दोन ॽ ने सुरू होणारी. प्रत्येकाची सगळी रूपं हाताने लिहा आणि मोठ्याने वाचा. दोन वेगळी रूपं सारखी ऐकू आली तर प्रत्यय बदला, मूळ शब्द नाही.