हर्णैच्या किनाऱ्यावर केलेली तैलचित्रे घरी आल्यावर काळवंडलेली का दिसतात?

प्रश्न
नमस्कार. गेली तीन वर्षे मी जलरंग बाजूला ठेवून किनाऱ्याची निसर्गचित्रे जागेवरच तैलरंगात करते आहे. या हिवाळ्यात हर्णै बंदरावर सलग पाच दिवस सकाळी साडेसात ते साडेनऊ बसले. समोर सुवर्णदुर्ग, अलीकडे नांगरलेल्या होड्या आणि ओहोटीने उघडी पडलेली ओली वाळू, असा विषय होता. तिथे चित्रे मनासारखी उजळ वाटत होती. घरी भिंतीला टेकवून पाहिली, तेव्हा पाचही फार गडद निघाली. शिवाय ओल्या वाळूतल्या आकाशाच्या प्रतिबिंबाचा पार चिखल झाला आहे. मोबाइलवरच्या फोटोंवरून ती दुरुस्त करावीत का?

उत्तर 1
ताई, फोटोंवरून दुरुस्ती करू नका, असे मी आग्रहाने सांगेन. दोष उजेडाचा आहे. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे सकाळचा सूर्य डोंगराकडून, म्हणजे तुमच्या पाठीमागून वर येतो आणि त्याचे ऊन थेट कॅनव्हासवर व रंग मिसळायच्या पॅलेटवर पडते. उन्हातला रंग मुळापेक्षा उजळ भासतो, म्हणून हात नकळत गडद मिश्रण करत जातो, आणि तेच चित्र घरातल्या मवाळ उजेडात आले की काळवंडते. मान थोडी वळवावी लागली तरी चालेल, पण इझल (कॅनव्हास उभा ठेवायची घोडी) असे फिरवा की कॅनव्हास आणि पॅलेट दोन्ही सावलीत राहतील. साधी काळी छत्री बांधा. रंगीत छत्रीची झाक मिश्रणात उतरते. पांढरा कुर्ताही नको, कारण ओल्या तैलरंगावर त्याची चकाकी पडते आणि गडद छटा नीट जोखता येत नाहीत.

उत्तर 2
वरील उत्तराशी पूर्ण सहमत. वाळूबद्दल थोडे सांगतो. खालचा पिवळट-तांबूस थर ओला असताना त्यावर आकाशाचा निळा रंग पुन्हा पुन्हा फिरवला, तर दोन्ही एकमेकांना मारतात आणि राखाडी चिखल उरतो. वाळूचा थर टर्पेंटाइन घालून अगदी पातळ द्या, जिथे प्रतिबिंब हवे तिथे तो फडक्याने पुसून काढा आणि आकाशाचा रंग, मूळ आकाशापेक्षा किंचित गडद करून, रंग लावायच्या बोथट चाकूने एकाच फटक्यात ठेवा. ठेवल्यावर त्याला हात लावू नका, हे सर्वांत कठीण आहे!

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे पाचव्या दिवशी ती पहिल्या दिवसापेक्षा तीन तासांहून अधिक सरकलेली असते. घड्याळातली वेळ तीच ठेवलीत, तरी पाणी त्याच जागी नव्हते आणि वाळूही तितकी ओली नव्हती. तोच उजेड आणि तीच ओहोटी पुन्हा एकत्र हवी असेल, तर साधारण पंधरा दिवसांनी या. फ्रेंच चित्रकार मोने फ्रान्सच्या किनाऱ्यावरील एत्रताच्या कड्यांखाली प्रत्येक उजेडासाठी वेगळा कॅनव्हास वापरत असे. 1885 साली भरतीचा अंदाज चुकल्याने लाटेने त्याला कड्यावर आपटले आणि चित्र व इझल ओढून नेले. म्हणून फलक लहान घ्या, एका बैठकीत एकच पुरा करा आणि पंचांगातली तिथी पाहून निघा.

प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. आज काळी छत्री बांधून एक लहान फलक केला. घरी आणल्यावर किल्ल्याचा तट आणि त्याची पाण्यातली सावली वेगवेगळी दिसते आहे, जी आधीच्या एकाही चित्रात दिसत नव्हती. फक्त खारा वारा जोरात होता आणि ओल्या रंगात वाळूचे कण चिकटले आहेत. ते काढावेत का?

उत्तर 1
ओले असताना मुळीच नको, रंग फाटेल. पूर्ण सुकल्यावर सैल झालेले कण मऊ ब्रशने झटका आणि बाकीचे राहू द्या. मोनेने 1870 मध्ये फ्रान्समधल्या त्रूव्हिलच्या किनाऱ्यावर केलेले चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, त्याच्या रंगात तिथली वाळू अजून आहे.