खून, हत्या की वध?

नथुराम गोडसेने 30 जानेवारी 1948 ला गांधीजींना गोळ्या घातल्या, याला मराठीत तीन शब्द वापरले जातात, खून, हत्या आणि वध, आणि बोलणारा यातला कुठला उचलतो त्यावरून तो पुढे काय बोलणार हे बहुतेक वेळा कळतंच. वध आपण कुणाचा म्हणतो बघा ना, कंसाचा, रावणाचा, अफझलखानाचा. म्हणजे मेलेला आधीच राक्षस ठरलेला आणि मारणाऱ्याने जणू देवाचंच काम केलेलं. मग प्रार्थनेला निघालेल्या 78 वर्षांच्या निःशस्त्र म्हाताऱ्या माणसाबद्दल 'गांधीवध' म्हटलं की पुढे वाद घालायची गरजच उरत नाही, निकाल शब्दातच लागून गेलेला असतो. मला हा शब्द वाचला की खरंच त्रास होतो.

या शब्दाला केवढी धार आहे ते इंग्रजांनाही कळलं होतं. खाडिलकरांचं 'कीचकवध' नाटक 1907 ला आलं, गोष्ट सगळी महाभारतातली, पण लोकांना कीचकात व्हाइसरॉय राहिलेला लॉर्ड कर्झन दिसायचा, शेवटी सरकारने 1910 ला त्यावर बंदी घातली.

गंमत म्हणजे हत्या आणि वध, दोन्हीचा नुसता अर्थ बघितला तर ठार मारणं एवढाच, पण ब्रह्महत्या, गोहत्या, भ्रूणहत्या, सगळीकडे हत्या म्हणजे पाप. खून मूळ फारसी, अर्थ रक्त, आपल्याकडे तो पोलिस स्टेशन आणि कोर्टातला शब्द झाला. पेपरात साध्या माणसाचा खून होतो आणि पुढाऱ्याची हत्या, हेही बघण्यासारखं आहे. 1897 ला चापेकरांनी पुण्यात प्लेगच्या कामावरचा इंग्रज अधिकारी रँडला मारलं तर त्याला कुणी वध लिहितं कुणी खून, तिथेही तेच.

प्रतिसाद : पटलं. यात चकमक (पोलिसांच्या एन्काउंटरला म्हणतात ती) आणि दंगल पण घ्या. चकमक म्हणजे मुळात गारगोटीवर पोलाद आपटून ठिणगी पाडायची ती, म्हणजे दोन वस्तू एकमेकांवर आदळायला हव्यात. दंगल तर कुस्त्यांची, तिथेही समोर जोड लागतोच. मग एकाच बाजूने घरात घुसून माणसं मारली तरी आपण दंगल झाली म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं दोघांनीही मारामारी केली असणार, चूक दोघांची. 1984 ला दिल्लीत शिखांना शोधून शोधून मारलं त्याला अजून सर्रास दंगल म्हणतात, माझ्या मते ते हत्याकांड आहे आणि तसंच म्हणायला हवं.

प्रतिसाद : नामं जाऊ द्या, क्रियापदं बघा. 'गोळीबारात मृत्युमुखी पडले', 'प्राण गमावले'. गमावले म्हणजे काय, पाकीट गमावलं तसं? मेलेल्यालाच कर्ता करून टाकायचं आणि गोळी झाडणारा वाक्यातून गायब. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातले 106 हुतात्मे आपण म्हणतो, अगदी आदराने म्हणतो आणि म्हणायलाच पाहिजे, पण हुत म्हणजे अग्नीत अर्पण केलेलं, म्हणजे त्यांनी स्वतःला दिलं एवढंच त्या शब्दात येतं. गोळ्या पोलिसांनी घातल्या, ते कुठेच येत नाही. सरकारने आपल्याच माणसांना गोळ्या घालून मारणं, याला मराठीत एक सरळ शब्द आहे का? मला तरी सापडला नाही, कुणाला आठवत असेल तर सांगा.