मदत हवी आहे: हाडातल्या पेशींची जागा मुलांना कशी दाखवू?

आठवीच्या मुलांना पेशी, ऊती, अवयव, अवयवसंस्था हा क्रम शिकवते आहे. कांद्याचा पापुद्रा झाला. गालाच्या आतल्या पेशींवर मेथिलीन ब्लू टाकून केंद्रकाचा निळा ठिपका दिसला, तेव्हा मुलं सूक्ष्मदर्शकापासून हटेनात. गाडी अडली ती हाडापाशी. "बाई, हाड म्हणजे दगडासारखंच ना?" एका मुलीने विचारलं. हाडातही जिवंत पेशी असतात, म्हणून तर मोडलेलं हाड सांधतं, हे सांगितलं. पण दाखवू कसं?

कोंबडीच्या तंगडीचं हाड पाच दिवस व्हिनेगरमध्ये ठेवलं. कॅल्शियमचे क्षार विरघळले आणि हाड रबरासारखं वाकलं. मुलांना ते फार आवडलं, पण त्यात पेशी काही दिसत नाहीत. मग बकऱ्याच्या नळीची आडवी चकती करवतीने कापून पॉलिश पेपरवर पाणी घालून घासली. जेमतेम अर्ध्या मिलिमीटरपर्यंत येते आणि कडेने तुटते. भिंगाखाली नुसता काळोख.

सूक्ष्मदर्शक साधा, ४०० पटींचा आहे. हाड उकळून, साफ करून वाळवलेलं आहे. त्यात पेशींची रिकामी घरंच दिसणार हे माहीत आहे, तेवढं पुरे. तयार स्लाइड मिळते, पण हे मुलांच्या हातून व्हावं असं मनापासून वाटतं. तीव्र आम्ल वर्गात नको.

चकती आरपार दिसेपर्यंत न तुटता कशी घासायची? काचेला चिकटवून घासायची तर कशाने चिकटवावी, आणि शेवटचा हात किती नंबरच्या पेपरने द्यावा?