'नैसर्गिक नागरिक' की 'जन्मतः नागरिक'? फिलिपिनो कायद्यातले शब्द

प्रश्न: फिलिपिन्सच्या २००३ च्या नागरिकत्व कायद्यावर (क्र. ९२२५) टिपण लिहितेय. 'नॅचरल-बॉर्न' नागरिकाने परदेशी 'नॅचरलायझेशन'मुळे गमावलेलं नागरिकत्व परत कसं मिळवायचं, एवढाच विषय. पण स्पर्धापरीक्षांच्या पुस्तकांतले शब्द घेतले तर 'नैसर्गिकीकरणामुळे नैसर्गिक नागरिकत्व गेलं' असं भलतंच वाक्य होतं! काय करू?

प्रतिसाद: 'नैसर्गिक' सोडूनच द्या. 'नॅचरलायझेशन'ने, म्हणजे अर्ज करून घेतलेलं, ते 'स्वीकृत' नागरिकत्व आणि 'नॅचरल-बॉर्न'साठी 'जन्मतः नागरिक'. 'जन्मसिद्ध' नको, वाचक जन्मस्थळाकडे जाईल. तिथलं १९८७ चं संविधान आई किंवा वडील फिलिपिनो आहेत का, हे पाहतं. दुबईत जन्मलेलं फिलिपिनो नर्सचं मूल जन्मतः फिलिपिनो. मनिलात जन्मलेलं परदेशी जोडप्याचं मूल नाही. हा भेद टिपणात यायलाच हवा, कारण ९२२५ फक्त जन्मतः नागरिकांना लागू आहे. आधी अर्ज करून फिलिपिनो आणि मग कॅनेडियन झालेला माणूस त्यात बसत नाही.

प्रतिसाद: फिलिपिनो राजकारणी ग्रेस पो यांचं प्रकरण वाचा. त्या इलोइलोतल्या चर्चमध्ये सापडलेलं बाळ, आईवडील अज्ञात. अमेरिकन झाल्या, २००६ मध्ये ९२२५ खाली परतल्या. राष्ट्राध्यक्षपदासाठी उभ्या राहिल्या तेव्हा वाद झाला. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना जन्मतः नागरिकच मानलं. म्हणजे परत मिळतं ते मूळच्याच दर्जाचं. त्यामुळे 'पुनर्प्राप्ती' चपखल. 'नव्याने नागरिकत्व' अजिबात लिहू नका.

प्रतिसाद: कायद्याच्या नावात 'राखणे'ही आहे. कायदा येण्याआधी परदेशी झालेले पुन्हा मिळवतात, नंतर झालेले राखतात. शपथ मात्र दोघांनाही घ्यावी लागते, वकिलातीत किंवा मायदेशी इमिग्रेशन ब्यूरोत. १८ वर्षांखालची अविवाहित मुलं पालकांमागोमाग येतात.
'प्रत्यावर्तन' (रिपॅट्रिएशन) इथे वापरू नका. तो जुना, वेगळा मार्ग: परदेशी नवऱ्यामुळे नागरिकत्व गेलेल्या स्त्रियांसाठी वगैरे, १९९५ चा कायदा क्र. ८१७१.

प्रतिसाद: 'शपथ' आणि 'त्याग'ही वेगळे ठेवा. निष्ठेची शपथ घेताना परदेशी पासपोर्ट सोडावा लागत नाही. निवडणूक लढवायची तर मात्र परकीय नागरिकत्वाचा स्वतंत्र, शपथपूर्वक त्याग हवा. एका महापौराने तसा त्याग केला आणि पुढे अमेरिकन पासपोर्टवरच प्रवास केला. २०१३ मध्ये न्यायालयाने त्याला अपात्र ठरवलं.

प्रश्नकर्ती: मग मथळ्यात 'दुहेरी नागरिकत्व' चालेल? परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डाला आपले पेपर तेच म्हणतात.

प्रतिसाद: फिलिपिनोंसाठी बिनधास्त लिहा. चूक पेपरवाल्यांची आहे. ओसीआय कार्डावर मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. न्यू जर्सीतला मराठी माणूस अमेरिकन झाला की त्याचं भारतीय नागरिकत्व संपतं. कार्ड म्हणजे फार तर आजीवन व्हिसा.