पाणपक्षी गणना: काय जमतं, काय चुकतं, इथे लिहा

कादवाकाठ
कपाट आवरताना गणनेच्या जुन्या वह्या निघाल्या. दवाने शाई पसरलेली पानं, कुठे वारकरी या काळ्या पाणपक्ष्याची नोंद "वारकरी ३०० (?)", आणि एका पानावर फक्त "धुकं. सव्वादहापर्यंत काही नाही." जीव गलबलला. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते, आणि ती तोंडावर आली आहे. नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वरला मोजणाऱ्यांनी आणि बाकी तळ्यांवरच्यांनीही जे जे माहीत आहे ते लिहा. नव्या पोरांना फार उपयोग होतो.

माझ्याकडून सुरुवात. गट तिघांचा. एक स्कोपवर (ट्रायपॉडवरची लांबचं दाखवणारी दुर्बीण), एक साध्या दुर्बिणीने आजूबाजूला, एक लिहायला. लिहिणाऱ्याने मान वर करायचीच नाही आणि ऐकलेला आकडा मोठ्याने परत म्हणायचा. वाऱ्यात सात, आठ आणि साठ सारखेच ऐकू येतात, म्हणून "सहा शून्य साठ" असं सांगायचं. आणि लिहायला पेन्सिल! ओलसर कागदावर बॉलपेन उमटत नाही.

तुतवार
+१ पेन्सिल. दोऱ्याने पॅडला बांधा, नाहीतर पहिल्या तासात गवतात जाते.

निफाडची थंडी
धुक्याचं खरंय. आमच्याकडे जानेवारीत पहाटे बोटं वाकत नाहीत. तरी साडेसहाला जागेवर असावं, कारण दहा-साडेदहानंतर ऊन तापलं की पाण्यावरची हवा थरथरते. मग स्कोप ६० पटीवर नेला तरी नुसते ठिपके नाचतात. त्या वेळी २०-२५वरच ठेवा, चित्र लहान पण स्वच्छ दिसतं. ट्रायपॉडची मधली दांडी वर काढू नका, खाली पिशवी टांगा. सकाळी ऊन पाठीवर येईल असा काठ धरा. समोरून ऊन आलं की सगळी बदकं काळीच.

हळदीकुंकू
मोठा थवा कसा मोजायचा हे दरवर्षी विचारलं जातं, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी १० पक्षी एकेक करून मोजा. ते दुर्बिणीत केवढी जागा घेतात ते डोळ्यात बसवा. तशी १० ठिगळं म्हणजे १००. मग तो शंभराचा तुकडा डावीकडून उजवीकडे थव्यावरून सरकवत न्या. चूक इथे होते: थवा मधोमध दाट आणि कडेला विरळ असतो. कडेचं ठिगळ घेऊन मधला भाग मोजला तर आकडा बराच कमी येतो. म्हणून दाट भागासाठी ठिगळ वेगळं घ्या. दोघांनी एकमेकांना न सांगता मोजा आणि मगच आकडे बोला. फार फरक असेल तर पुन्हा मोजा, सरासरी काढून मोकळं होऊ नका.

दलदली भोवत्या (शिकारी पक्षी) आला की अख्खं पाणी उडतं. उडालेलं मोजायच्या मागे लागू नका, वेळ आणि दिशा लिहा. पलीकडच्या गटाकडे तेच पक्षी उतरले असतील, तर संध्याकाळी वह्या जुळवताना हीच नोंद कामी येते. हद्दी आधीच ठरवा: विजेचा खांब, देऊळ, जॅकवेल. "त्या बाभळीपासून" नको, बाभळी पन्नास असतात.

सुगरण७
वारकरी आणि बदक लांबून कसं ओळखायचं? माझा नेहमी गोंधळ.

हळदीकुंकू
@सुगरण७ वारकरी पोहताना मान पुढेमागे हलवत जातो, पाठ गोल, शेपूट पाण्यालगत. बदकाची मान स्थिर. कपाळावरचा पांढरा टिळा दिसला की प्रश्नच मिटला.

तुतवार
आमच्याकडे चांदवा म्हणतात, त्या टिळ्यावरूनच.

सुगरण७
किती गोड नाव! आणि तरीही कळलं नाही तर?

कादवाकाठ
तर "अनोळखी बदक ४००" असंच लिही ताई. जवळ थापट्या (एक बदक) दिसले म्हणून लांबचे चारशेही थापट्या धरणं ही सर्वांत वाईट चूक. पुढची दहा वर्षं तो आकडा कोणी ना कोणी वापरतं.

खाडीकाठ
ठाणे खाडीवाल्यांचं गणित वेगळं. घड्याळ नाही, भरतीचं कोष्टक बघायचं. ओहोटीला चिखल मैलभर उघडा पडतो आणि पक्षी पांगतात. भरतीचं पाणी चढत आलं की तेच पक्षी उरलेल्या कोरड्या पट्ट्यावर एकत्र येतात, तेव्हाच मोजा. रोहितमध्ये (फ्लेमिंगो) मोठा आणि लहान वेगळा लिहा. मोठ्याची चोच गुलाबी, फक्त टोक काळं. लहानाची गडद लाल, लांबून काळीच वाटते. करडी पिल्लं तिसऱ्या रकान्यात. मोठा थवा असेल तर एकमेकांवर थोडे चढतील असे फोटो ओळीने काढा आणि घरी स्क्रीनवर प्रत्येक पक्ष्यावर ठिपका देत मोजा.

निफाडची थंडी
आवर्तन सुटलंय का हेही लिहा कोणीतरी! कालव्याला पाणी सोडलं की पातळी उतरते, चिखल उघडा पडतो आणि शेकाटे, तुतवार असे चिखलात चरणारे पक्षी एकदम वाढलेले दिसतात. पातळीची नोंद नसेल तर पुढच्या वर्षी त्या आकड्याचा अर्थच लागत नाही.

दूरदेशी
न्यू जर्सीहून. इथे ख्रिसमसची गणना १९०० पासून चालू आहे, १५ मैल व्यासाचं वर्तुळ, १४ डिसेंबर ते ५ जानेवारीतला एक दिवस. जुन्या नोंदींशी ताडून बघता येतं ते वर्तुळ बदलत नाही म्हणून. तुमच्या वह्या स्कॅन करून ठेवा, प्लीज. हुरड्याची आठवण आली हे वाचून.

तुतवार
हुरडा आहेच, या! शेंगदाण्याची चटणी आणि दही आमच्याकडून.

पाणथळ
ई-बर्डवर (पक्ष्यांच्या नोंदींची वेबसाइट) टाकताना: एका गटाची एकच यादी, बाकीच्यांना शेअर करा. तिघांनी तीन याद्या वेगवेगळ्या भरल्या की तेच पक्षी तिप्पट होतात. आकड्याऐवजी X (म्हणजे नुसतं "दिसला") टाकू नका, अंदाज चालतो.

सुगरण७
विषय थोडा वेगळा, पण गणना आणि संक्रांत जवळजवळ असतात. मांजात अडकलेला बगळा सापडला तर?

खाडीकाठ
नायलॉन मांजावर २०१७ पासून देशभर बंदी आहे, तरी सापडतोच. वरून जाड टॉवेल टाका, आधी मान धरा, बगळा थेट डोळ्यावर चोच मारतो. दोरा ओढायचा नाही. जखमेत रुतलेला तुकडा तसाच ठेवून दोन्ही बाजूंनी कात्रीने कापा. भोकं पाडलेलं खोकं, तळाला सुती कापड, झाकण बंद. अंधारात पक्षी शांत होतो. चोचीत पाणी ओतू नका, श्वासनलिकेत जातं. वनविभागाला १९२६ वर फोन करा. काढलेला मांजा बोटभर तुकडे करूनच टाका.

सुगरण७
लिहून घेतलं. कात्री आणि खोकं गाडीत ठेवते.

कादवाकाठ
ताई, टॉवेलही. आणि पेन्सिली मी आणते, डझनभर.